चौदा अंशांची आंघोळ

(दृश्य: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. पहाटेचा उजेड. विहिरीवरचा रहाट फिरतो आहे.)

डिसेंबरातली पहाट. हवा अंगाला बोचते. वाळपई-सांगेच्या डोंगरी भागात तर जरा जास्तच. अशा वेळी विहिरीतून वर आलेली पहिली कळशी हाताला कोमट लागते. पाणी कुणी तापवलेलं नसतं, हवाच तेवढी गार झालेली असते. जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळजवळ एकाच तापमानाला राहतं. गोव्यात ते साधारण २६ अंश. आंघोळीला आपल्याला हवं असतं ४० अंशांच्या आसपास.

मधले उरतात चौदा अंश. उत्तरेकडे थंडीत हेच अंतर सहज दुप्पट होतं. आपल्याला निसर्गाने अर्धं काम करून दिलेलं आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास वीज लागते. १५ लिटरची बादली आणि १४ अंश, असा गुणाकार केला की उत्तर येतं पाव युनिट (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). एका माणसाच्या गरम आंघोळीला एवढंच लागतं. तरीही विजेच्या बिलाचा विषय निघाला की घरात पहिलं बोट गिझरकडे जातं. ते का, हे न्हाणीघरात शिरल्याशिवाय कळायचं नाही.

(दृश्य: म्हापशातला फ्लॅट. गिझरचा लाल दिवा. पाठीमागे कपबशांचा आवाज.)

१५ लिटरचा, २००० वॉटचा साधा गिझर. कुणीतरी उठल्याउठल्या बटण दाबलं. दात घासून झाले, चहा झाला, पेपरही चाळून झाला. तोवर आतलं पाणी ६५ अंशांना पोचलं आणि थर्मोस्टॅटने टक् करून वीज तोडली. इथपर्यंत ०.६८ युनिट खर्च झालं.

आता बादली भरा. कढत पाणी जेमतेम साडेपाच लिटर लागतं, बाकी थंड. तापवलेल्यातला तिसरा हिस्सा अंगावर आला, दोन हिस्से टाकीतच राहिले. लोक म्हणतात, गरम पाण्यात थंड मिसळलं की वीज फुकट जाते. तसं नाही. मिसळलेली उष्णता बादलीतच असते, ती वापरली जाते. फुकट जातं ते टाकीत मागे राहिलेलं. दुसरा माणूस दोन तासांनी न्हायला गेला, तर तेवढ्या वेळात त्यातली काही उष्णता भिंतीला देऊन झालेली असते.

त्यावर काही घरांत उपाय निघतो: गिझर दिवसभर चालूच ठेवायचा, "पुन्हापुन्हा तापवायला जास्त वीज लागते" म्हणून. हिशेब उलटा आहे. टाकी भोवतालच्या हवेपेक्षा जितकी गरम, तितकी तिच्यातून उष्णता जास्त गळते. चोवीस तास गरम ठेवली तर ती चोवीस तास गळते. नवा गिझर घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची पट्टी बघायची ती याचसाठी. ही गळती किती, ते त्या ताऱ्यांवरून कळतं.

घरातल्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात आणि शेवटचा माणूस आत जाण्याआधीच बटण बंद करावं. त्याच्यापुरतं पाणी टाकीत असतंच. थर्मोस्टॅटचा खटका बाहेर असेल तर तो ५०-५५ अंशांवर आणावा. मात्र गावाहून चार दिवसांनी परतलात, तर पहिल्या दिवशी खटका पुन्हा वर नेऊन पाणी एकदा पूर्ण तापू द्या. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात.

आणि बादली सोडू नका. शॉवरखाली पाच मिनिटांत ५० लिटर पाणी सहज जातं, म्हणजे तीन बादल्यांहून जास्त.

(दृश्य: गिझर खाली उतरवलेला. पान्याने प्लेट उघडली जाते. कॅमेरा अगदी जवळ.)

हा गिझर किनाऱ्याजवळच्या घरातला. पाणी विहिरीचं, उन्हाळ्यात मचूळ होणारं. मेकॅनिक आतून एक कांडी ओढून काढतो. नवी असताना ती बोटाएवढी जाड आणि गुळगुळीत होती. आता मधली तार तेवढी शिल्लक आहे, तिला चिकटलेले राखाडी खपले हाताने सुटतात. हा मॅग्नेशियमचा ॲनोड. पाण्यातले क्षार टाकीला खाण्याआधी याला खातात, तो त्यासाठीच बसवलेला असतो. तो संपला की पाळी टाकीची. शेजारी पाणी तापवणारं हीटिंग एलिमेंट आहे, त्यावर पांढरट थर. थर चढला की एलिमेंटची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि ते स्वतःच तापून एक दिवस जळतं. खारट पाण्याच्या घरांनी हा ॲनोड वर्षाकाठी बघून घ्यावा. सांगतं कोण? गिझर विकताना तरी कुणी सांगत नाही.

(दृश्य: जुन्या घराचं न्हाणीघर. मातीच्या चुलीवर भाण, म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं.)

भाणाबद्दल बोलताना आपण हळवे होतो. दिवाळीच्या आदल्या रात्री भाण घासून, माळ घालून, पाणी भरून ठेवायचं. पहाटे नरकासुराचा पुतळा जळला की अभ्यंगस्नान, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि मग पोहे. हे सगळं खरं. पण उघड्या चुलीतली बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि तो धूर रोज कुणाच्या डोळ्यांत जायचा, हेही सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या कुळागरात सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं (माडाच्या झावळ्या) पडूनच असतात, त्याला हे जळण फुकट आहे. त्याने चुलीला धुराडं बसवावं आणि भाणावर झाकण ठेवावं. विकतची लाकडं आणून भाण पेटवण्यात मात्र काही शहाणपण नाही.

गोव्यात येणारी बहुतेक वीज बाहेरची. कोरबा, विंध्याचल इथल्या कोळशाच्या केंद्रांतून तारांवरून ती इथवर येते. तिथे कोळसा जाळून निघालेल्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची वीज होते, आणि इथे आपण तिची पुन्हा उष्णता करतो. डोक्यावर ऊन असताना हा द्राविडी प्राणायाम.

(दृश्य: गच्चीवरचा सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा हीटर. मागे माडांची रांग.)

सोलरच्या नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. तोंड दक्षिणेला हवं आणि माडाची सावली नको. नुसती सावलीच नव्हे, काचेच्या नळ्यांवर नारळ पडला तर खर्च वेगळा, आणि नारळ काढणारा पाडेली हल्ली वेळेवर मिळतो कुठे! कौलारू छपरावर तर आधी वाशांचा विचार करा. १०० लिटर पाण्याचं वजनच १०० किलो.

आणखी एक हिशेब दुकानात जाण्याआधी करावा. १०० लिटर पाणी ६० अंशांना तापलं, तर त्यात थंड मिसळून ४० अंशांच्या सोळा बादल्या होतात. घरात माणसं चार. तरीही दोनशे लिटरचा सोलर गळ्यात मारणारे भेटतात.

वरच्या टाकीपासून तळमजल्यावरच्या नळापर्यंत अर्ध्या इंची पाइप वीस मीटर असेल, तर गरम पाणी येण्याआधी साडेतीन लिटर गार पाणी येतं. ते बादलीत धरा. पाइपला फोमचं आवरणही घाला.

मोठ्या कुटुंबाला किंवा पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्याला हीट पंप परवडू शकतो. एक युनिट वीज घेऊन तो भोवतालच्या हवेतली उष्णता ओढतो आणि पाण्याला सुमारे तीन युनिट देतो. आपली उबदार, दमट हवा त्याला मानवते, अगदी जुलैतही. चार माणसांच्या घराला तो महागच पडेल.

(दृश्य: पाऊस. सोलरच्या नळ्यांवरून ओघळणारं पाणी. गच्चीच्या दारामागचा स्विच.)

जून ते सप्टेंबर सोलर जेमतेम कोमट पाणी देतो. मग त्याच्या टाकीतली विजेची कॉइल चालू होते आणि इथेच वर्षभराची बचत वाहून जाते. कॉइल १०० लिटरची आख्खी टाकी तापवते, जवळपास चार युनिट खर्चून. चार आंघोळींची गरज एका युनिटाची. स्विच गच्चीत असल्यामुळे तो रात्रभर चालूच राहतो, ते वेगळंच.

त्यापेक्षा प्लंबरला सांगून न्हाणीघरातल्या छोट्या गिझरला बायपास, म्हणजे त्याला वगळून जाणारी व्हॉल्व्हची वाट, करून घ्या. पावसाळ्यात सोलरचं कोमट पाणी गिझरमधून यावं, उरलेले चार-सहा अंश त्याने भरावेत. पाऊस सरला की व्हॉल्व्ह फिरवून गिझर बाजूला काढा, कारण सोलरचं कढत पाणी प्रत्येक गिझरला सोसतंच असं नाही. आणि कॉइलचा स्विच खाली, येताजाता दिसेल असा, दिव्यासकट बसवून घ्या.