पाण्याले बसाले जागा द्या

नमस्कार मंडळी! आपल्या नागपुरात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलाय, घरोघरी कूलर घरघरतोय, त्या आवाजात मी तुम्हाला ऐकू येतोय की नाही देव जाणे, पण बोलतो. कूलरच्या टाकीत आपण रोज बादल्यावर बादल्या ओततो नं, ते पाणी बहुतेक पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणातून नाहीतर कन्हान नदीतून आलेलं असतं. २०१९ आठवतं का? जुलै लागला तरी पावसाचा पत्ता नाही, तोतलाडोह तळाला गेलेला, आणि नळ दिवसाआड.

आणि मग चारच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३. रात्रीतून काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहला, नागनदी रस्त्यावर आली, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेतून उठले तर पाय पाण्यात. म्हणजे शहर तेच, एकदा घसा कोरडा आन् एकदा गळ्यापर्यंत पाणी. लोक म्हणतात निसर्ग कोपला. मला विचाराल तर दोन्हीचं एक मोठं कारण आपल्या दारातच आहे, ते म्हणजे पाणी जिथे पडतं तिथे त्याला थांबायला जागाच उरली नाही.

जुन्या लोकांनी ही जागा ठेवली होती. शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्या उतारावर जागोजागी तलाव, फुटाळा, सोनेगाव, शुक्रवारी म्हणजे आपला गांधीसागर, नाईक तलाव, लेंडी तलाव. तलाव नुसता बोटिंगसाठी नसतो बाप्पा, पुराचं पाणी तो पोटात घेतो आणि हळूहळू आजूबाजूच्या विहिरींना पाजतो. लेंडी तलाव आक्रसत गेला तेव्हा ते पोटही आक्रसलं.

वरून सिमेंट रोड. टिकतो, खड्डे पडत नाहीत, मान्य, मीपण त्यावरून सुसाट गाडी चालवतो. पण कित्येक गल्ल्यांत रोड घरापेक्षा उंच झाला आणि रोडच्या कडेची उरलीसुरली माती गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉकखाली गेली, मग पाणी जाईल कुठे, तुमच्या हॉलमध्येच नं!

चीनमधे २०१५ च्या सुमारास सरकारनं काही शहरं ‘स्पंज शहरं’ म्हणून निवडली, म्हणजे बागा, पाणथळ जागा, झिरपणारे फुटपाथ, जेणेकरून शहरानं पाणी शोषावं. तिथेही मोठ्या पावसात पूर आलेच, त्यामुळे हा काही जादूचा दिवा नाही. पण आपला हिशोब करून बघा: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छत आणि वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरला तर झाले एक लाख लिटर! थोडं उडून जाईल, थोडं सांडेल, तरी बरंच उरतं.

आता हे पाणी जमिनीत जिरवायला सगळीकडे एकच खड्डा चालत नाही हं. पश्चिम नागपुरात खाली बेसाल्ट, पूर्वेकडे वेगळा खडक, आणि काळी माती भिजली की फुगून पाणी आत जाऊच देत नाही. म्हणून आधी कोणा जाणकाराला जमीन दाखवा. जुनी विहीर असेल तर छताचं पाणी जाळी आणि गाळणीतून तिच्यात सोडा, पहिल्या एकदोन पावसाचं घाण पाणी मात्र बाहेर जाऊ द्या. आणि गटाराचं किंवा रोडवरचं पाणी विहिरीत चुकूनही नको.

मी स्वतः काय केलं तर मागच्या उन्हाळ्यात दारातल्या कडुलिंबाभोवतीचे गट्टू सब्बलीनं उखडले. शेजारच्या काकू गेटवरून ओरडल्या, “काहून खोदून रायला रे बापा, चांगलं तर होतं!” मी म्हटलं, काकू, झाडाले पाणी पाजतो. पाऊस लागल्यावर त्यांच्या अंगणात डबकं आणि माझ्याकडे अर्ध्या तासात सगळं गडप. परवा सकाळी काकू दारात आल्या, म्हणाल्या, “तुह्याकडची सब्बल दे बरं जरा.”