पंख्यातला कंडेन्सर आणि चिपमधला

श्रोतेहो, नमस्कार.

पंखा मंद फिरू लागला की आपण इंदूरच्या महाराणी रोडवरून कंडेन्सर आणतो. '2.5 मायक्रोफॅरड' एवढं सांगितलं की दुकानदार डबी काढून देतो. याच कंडेन्सरला, म्हणजे कपॅसिटरला, चिप बनवणाऱ्यांनी किती लहान केलं, ते आज सांगायचं आहे.

मोबाइलच्या रॅममध्ये माहितीचा एकेक बिट एकेका कपॅसिटरमध्ये असतो. त्यात विजेचा भार साठलेला आहे तर 1, नाही तर 0. साठवण जेमतेम 10 फेम्टोफॅरडच्या आसपास, म्हणजे पंख्यातल्या कंडेन्सरच्या 25 कोटींव्या हिश्शाएवढी! 8 जीबीच्या रॅममध्ये असे जवळजवळ 6,900 कोटी कपॅसिटर असतात. जागा वाचावी म्हणून ते आडवे पसरत नाहीत, उंच नळकांड्यांसारखे उभे केलेले असतात.

एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा इवलासा स्विच, आणि एक कपॅसिटर, एवढ्यावर बिट राखता येईल हे 1966 साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं. 1968 मध्ये पेटंट मिळालं. मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं, कारण हा कपॅसिटर माठासारखा पाझरतो. भार टिकत नाही. म्हणून चिप प्रत्येक बिट वाचते आणि पुन्हा भरते, साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत. मोबाइल नुसता हातात धरलेला असतानाही हे चालूच असतं.

दुसरा उपयोग इंदूरकरांना चटकन कळेल. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून गच्चीवर टाकी. चिपमध्ये लाखो ट्रान्झिस्टर एकदम उघडतात, तेव्हा लागणारी वीज बाहेरून पोचेपर्यंत शेजारचे कपॅसिटर ती पुरवतात.

तिसरा मात्र खास सराफ्यातला. चिपवरच्या कपॅसिटरचं माप ठरवल्यापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी चुकू शकतं. पण शेजारी शेजारी बनलेले सगळे सारखेच चुकतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण अगदी नेमकं राहतं. मग 1, 2, 4, 8 अशा पटीतले कपॅसिटर वजनं म्हणून वापरतात. सोनार आधी मोठं वजन टाकतो, जड झालं तर काढतो, मग त्याच्या निम्मं टाकतो. विजेचा दाब आकड्यात मोजणारं सर्किट नेमकं हेच करतं, आणि साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपमध्येही, ही तोलणी सेकंदाला लाखो वेळा होऊ शकते.