आईची ओटी आणि चाम देवळं

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिएतनामला निघताना आईनं बॅगेत एक खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि खडीसाखर ठेवली. "तिकडं देवी असेलच की कुठंतरी," एवढंच म्हणाली. तो खण आमच्याबरोबर देशभर फिरला.

सुरुवात हानोईतून झाली. तिथलं साहित्याचं मंदिर १०७० सालचं, कन्फ्यूशियसला वाहिलेलं. आवारात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर दरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरली आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुलं आजही इथं हात जोडायला येतात. पण आईला ओढ होती दक्षिणेची.

मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावचा बाजार सकाळी लवकर पाहावा. पाल्याच्या ओल्या जुड्या, बारीक चिरलेलं केळफूल, टोपल्यांतली मासळी, आणि शंकूसारख्या टोप्या घालून बसलेल्या विक्रेत्या बायका. आई शाकाहारी. तिथं ‘चाय’ अशी पाटी दिसली की आम्ही आधी चहाच समजायचो, पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथली कितीतरी माणसं ‘चाय’ जेवतात, म्हणून त्या दोन दिवशी आपल्याला निवड भरपूर मिळते.

एक सांगते, नोटा नीट पाहून द्या. वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. मी पेरूवालीला वीस हजार समजून पाच लाखांची दिली आणि चालू लागले. ती म्हातारी गर्दीतून मागं धावत आली. माझ्या हातात नोट परत ठेवली, माझ्याच पाकिटातली वीस हजारांची बोटानं दाखवली आणि तेवढीच घेतली. त्या नोटेच्या मागच्या बाजूला होई आनचाच जुना, छपराचा जपानी पूल छापलेला आहे.

होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, ‘मी सन’ आहे. नावाचा अर्थ सुंदर डोंगर. या भागात पूर्वी नांदलेल्या चंपा राज्याच्या चाम लोकांची ही देवळं. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं इथं शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. ते लाकडी देऊळ जळालं. पुढं शंभुवर्मन राजानं ते पुन्हा उभारलं आणि देव झाला शंभुभद्रेश्वर. मग तेराव्या शतकापर्यंत बांधकाम चालूच राहिलं. लाल विटा एकमेकींवर अशा बसवल्यात की मध्ये चुन्याची रेघसुद्धा दिसत नाही. आपल्याकडची हेमाडपंती देवळं पाहिलेल्या माणसाचा हात आपोआप त्या सांध्यावरून फिरतो.

एका ओट्यावर उघड्यावरच शाळुंका आहे, अभिषेकाचं पाणी वाहून जायच्या पन्हळीसकट. आई तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "इथं पूजा कोण करतं गं?" कुणीच नाही. १४७१ मध्ये ‘विजय’ नावाची चंपाची राजधानी शत्रूच्या हाती पडली आणि चाम लोकांचं राज्य आक्रसत गेलं. खोऱ्यावर रान चढलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी विमानांनी इथं बॉम्ब टाकले आणि सगळ्यांत देखणा, चोवीस मीटर उंचीचा मनोरा कोसळला. बॉम्बचे खड्डे आजही दिसतात, आता गवतानं भरलेले. इथं फिरताना घाई करू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी इथं काही वर्षं दुरुस्तीचं काम केलं. २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मातीतून वर आलं, आणि मला ती बातमी आठवून तिथं भरून आलं.

खण आईनं तिथं काढलाच नाही. दा नांगच्या चाम संग्रहालयात सातव्या शतकातला उभा गणपती आहे, सोंड वाटीतल्या खाऊत घातलेला. तिथं आई हसली, पण खण बॅगेतच राहिला.

मग रात्रभर रेल्वेनं न्हा त्रांगला. समुद्राजवळच्या टेकडीवर पो नगरचं देऊळ आहे, आठव्या शतकापासूनचं, चाम लोकांच्या देवीचं. व्हिएतनामी लोकही तिला आपली मानतात, ‘थिएन य आ ना’ म्हणतात. देवी दहा हातांची, दगडाची, पण दगड फारसा दिसतच नाही, कारण तिला भरजरी वस्त्रं चढवलेली असतात. वर्षातून एकदा, तिसऱ्या चांद्र महिन्यात, तिला न्हाऊ घालून वस्त्रं बदलतात. गाभाऱ्यात जाण्याआधी चपला बाहेर काढायच्या, अंग झाकलेलं हवं; तोकडे कपडे असतील तर दारात झगा मिळतो.

आत उदबत्त्यांचा धूर, फळांची तबकं, गुडघे टेकलेल्या बाया. आईनं खण काढला, वर हळदकुंकू आणि खडीसाखर ठेवली आणि अडखळली. कुठं ठेवायचं, कुणाला विचारायचं? शेजारच्या बाईनं खणाकडं पाहिलं, आपल्या तबकातली दोन फळं बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेकडं हात केला.

आईनं ओटी तिथं ठेवली.