उमरा कापूस आणि दलाल स्ट्रीटची इमारत

श्रोतेहो, नमस्कार. वेचणीच्या आरंभी शेतात करतात ती सीतादहीची पूजा आटोपून वेचणीला जोर आलेला असताना, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी रांग लावून उभ्या असताना, मी तुमच्याशी मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या पैशाने हा बाजार प्रथम फुगला, त्यात आपल्या वऱ्हाडाच्या कापसाचाही वाटा होता, आणि ही गोष्ट आपणच आपल्याला सांगितली पाहिजे.

या बाजाराला आरंभी इमारत नव्हतीच. 1855च्या सुमारास मुंबईच्या टाउन हॉलसमोर एका वडाखाली वीस-बावीस दलाल जमत आणि बँकांच्या व कापडगिरण्यांच्या भागांचे, म्हणजे शेअरचे, सौदे तोंडी करत. आपल्याकडे गावाबाहेरच्या झाडाखाली बैलबाजार भरतो, तसाच तो मामला होता. छप्पर नाही, वही आपापली आणि भरवसा शब्दाचा.

मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि तिथल्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत. हा शब्द उमरावतीचा, म्हणजे आपल्या अमरावतीचा, तुकडा आहे. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली ती 1867 मध्ये, युद्ध संपून दोन वर्षे झाल्यावर. त्यामुळे तेजीच्या त्या वर्षांत आपल्या भागातला पुष्कळ कापूस बैलगाड्यांनीच घाट-नद्या ओलांडत आगगाडीच्या टोकापर्यंत गेला.

कापसाच्या बदल्यात मुंबईत इतका पैसा आला की तो गुंतवायचा कुठे, हाच व्यापाऱ्यांना प्रश्न पडला. नवनव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग 50,000 रुपयांच्या घरात गेला आणि वडाखालचे मूठभर दलाल दोनशेच्या पुढे गेले. 1865च्या वसंतात युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि त्याच वर्षी 1 जुलै रोजी वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या बोलीवर केलेल्या सौद्यांचे, पैसे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणीच उरला नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग 2,850 रुपयांपर्यंत चढला होता, तो 87 रुपयांना विकावा लागला. या तेजीचा नायक प्रेमचंद रायचंद हाही त्यात बुडाला. मात्र त्याने आईच्या नावाने विद्यापीठाला देणगी देऊन उभारलेला राजाबाई टॉवर आजही उभा आहे. बोंडअळीने हातचे पीक नेलेले वर्ष ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 1865ची मुंबई समजावून सांगावी लागणार नाही.

आश्चर्य असे की, बाजार त्यानंतरही मोडला नाही. दलाल एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर सरकत राहिले आणि 1874 मध्ये त्यांना कायमची गल्ली सापडली, तीच पुढे दलाल स्ट्रीट झाली. 1875 मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. सदस्य 318 आणि प्रवेश फी एक रुपया. डोक्यावर स्वतःचे छप्पर यायला मात्र 18 जानेवारी 1899 उजाडावा लागला. त्या दिवशी जे. एम. मॅक्लीन या ब्रिटिश खासदारांच्या हस्ते दलालांच्या सभागृहाचे उद्घाटन झाले. हे गृहस्थ पूर्वी मुंबईतच वृत्तपत्र चालवीत असत. पुढे तीही जागा अपुरी पडली, शेजारची जमीन घेण्यात आली आणि 1930 मध्ये बाजार नव्या वास्तूत गेला.

या वास्तूंचे हृदय म्हणजे ‘रिंग’, सौद्यांचे सभागृह. तिथे शेकडो माणसे एकाच वेळी ओरडत, आणि त्या कल्लोळात शब्द ऐकू येत नसल्याने हातांनी बोलत: तळवा स्वतःकडे वळवला तर खरेदी, समोरच्याकडे केला तर विक्री. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो, तो तिसऱ्याला कळू नये म्हणून. रिंगमध्ये मात्र हात उंच जात ते साऱ्यांना दिसावेत म्हणून. भाव लपवणाऱ्या आणि भाव उघडा करणाऱ्या बाजारातला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जागेवर उभे राहून खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव पुकारणाऱ्याला तिथे तारवणीवाला म्हणत, आणि सौदा पुढच्या मुदतीवर ढकलण्याला बदला.

आज आपण वर्तमानपत्रात जो उंच मनोरा पाहतो, तो 1980च्या सुमारास पूर्ण झाला आणि त्याला बाजाराचे दीर्घकाळचे अध्यक्ष फिरोज जीजीभॉय यांचे नाव देण्यात आले. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांतला पहिला स्फोट याच इमारतीच्या तळघरात झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1995 मध्ये, सौदे संगणकाच्या पडद्यावर गेले आणि रिंगमधला आरडाओरडा संपला. ज्या गलक्याला निवारा मिळावा म्हणून जवळजवळ सव्वाशे वर्षे एकामागून एक जागा शोधल्या आणि बांधल्या गेल्या, तो गलकाच इमारतीत उरला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावचे एक काका आणि मी कामानिमित्त मुंबईला गेलो असता ही इमारत बाहेरून पाहून आलो. दारापाशी काशाचा मोठा बैल आहे. तेजीचे चिन्ह म्हणून तो 2008 मध्ये बसवण्यात आला आणि तो घडवला सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी. जन्मभर बैलजोडी हाकलेले काका वर मनोऱ्याकडे पाहायला तयारच होईनात. बैलाभोवती एक पूर्ण फेरी मारून, त्याच्या नाकाजवळ वाकून ते मला म्हणाले, “याले वेसण नाही गा.”