पिशवी गळते? आधी बेसप्लेट उलटी करून बघा

नमस्कार श्रोतेहो.

पोटावर स्टोमा, म्हणजे शौच बाहेर येण्यासाठी आतडं पोटावर आणून केलेलं तोंड, असलेली माणसं नागपूरच्या मेडिकल, मेयो या हॉस्पिटलांतून सुट्टी होऊन घरी जातात. सोबत पिशव्या असतात, कागदावर चार नावं लिहिलेली असतात. आठ-पंधरा दिवसांत पिशवी गळायला लागते, कातडी लाल होते, आणि घरचं कुणीतरी येऊन विचारतं, "सिस्टर, कोणती पेस्ट चांगली?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आज काढलेली बेसप्लेट, म्हणजे पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती, फेकू नका, मला दाखवा.

तिची चिकटणारी बाजू उजेडात धरा. जिथे ती फुगून पांढरी झाली किंवा विरघळली, तिथून शौच आत शिरलं. भोकाभोवती सगळीकडून सारखी विरघळली असेल, तर भोक मोठं कापलंय किंवा प्लेट जास्त दिवस ठेवलीय. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणून सुट्टीच्या दिवशीचं माप पुढे चालत नाही. नव्यानं माप घ्या, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. पुष्कळांचं काम इथेच भागतं, पैसेही वाचतात.

एकाच बाजूनं ओघळ गेलेला दिसला, तर खुर्चीवर बसा आणि आरशात पोट बघा. उभं असताना सपाट दिसणारं पोट बसल्यावर घडी घेतं. त्या घडीत, किंवा जुन्या टाक्यांच्या खड्ड्यात, सील म्हणजे मऊ रिंग तोडून बसवा. पेस्टही चालते, पण पेस्ट हा गोंद नव्हे, तो खड्डा भरायचा लेप आहे. जाड थर दिला की प्लेट उलट लवकर सुटते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर ते झोंबतं. अशा वेळी रिंगच बरी. स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत ओढलेला असेल, तर रिंगांवर रिंगा लावू नका. त्याला फुगीर बेसप्लेट लागते, आणि ती नर्सला किंवा सर्जनला दाखवूनच घ्यावी.

इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, असलेल्यांनी जास्त जपावं. लहान आतड्यातून येणारं शौच पातळ असतं, त्यात पाचक रस असतात, ते कातडी अक्षरशः खातात. त्यांनी जास्त टिकणारी प्लेट आणि सील यांवर खर्च करावा. कोलोस्टोमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, शौच घट्ट असेल तर बहुतेकांना साधी प्लेट पुरते.

कातडी ओलसर, सोललेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरा, जास्तीची झटका, वर अल्कोहोल नसलेलं बॅरियर वाइप (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारी ओली पुसणी) थोपटून वाळू द्या, मग प्लेट लावा. कोरड्या, धड कातडीवर पावडर नको, प्लेट धरत नाही. खोबरेल तेल, टाल्कम, सुगंधी साबण, क्रीम यांनीही तेच होतं.

या सामानाचं एक मूळ आपल्या जंगलात आहे, हे सांगताना मला फार बरं वाटतं. मेळघाटात पांढऱ्या खोडाचं कढईचं झाड आहे ना, त्याचा डिंक म्हणजे कराया गम. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात तो स्टोमाभोवतीच्या कातडीला लावायला सुरुवात केली. आता पेक्टिन, जिलेटिन असलेल्या प्लेटा आल्या.

आपल्याकडचा नवतपा मात्र कुठल्याच डब्यावर लिहिलेला नसतो. पारा पंचेचाळिशीला गेला की घामानं प्लेट लवकर सुटते. हिवाळ्यात चार दिवस टिकणारी मे महिन्यात दोन दिवसांतच बदलावी लागली, तर घाबरू नका, त्या हिशेबानं सामान आणा. गाडीच्या डिक्कीत मात्र ठेवू नका, रिंगा वितळतात. प्लेट लावण्याआधी पंख्याखाली घाम पूर्ण वाळवा, लावल्यावर थोडा वेळ तळहातानं दाबून धरा.

दवा बाजारात आख्खं खोकं घेण्याआधी एकच नग मागा, नमुना मिळतो का तेही विचारा. लाल पुरळाचे ठिपके कडेकडेनं पसरत असतील तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि स्टोमा जांभळा किंवा काळपट दिसला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.