पंच कुठायत?

[दृश्य : रात्र. गच्चीच्या भिंतीवर टांगलेली चादर.]

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीची गच्ची. शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. पडदा म्हणून टांगलेली चादर पहिल्या मजल्यावरच्या काकूंची, डबल बेडची. इस्त्री केलीय, तरी मधली घडी काही गेलेली नाही. पुढचा तासभर मालिकेतलं भूत त्या घडीवरून ये-जा करणार आहे आणि दर वेळी त्याचं नाक वाकडं होणार आहे.

प्रोजेक्टर भाड्याचा, चटया ज्याच्या त्याच्या. निम्मी मंडळी इमारतीतली. उरलेली मुलं तळमजल्यावर कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेवाली. अभ्यासिकेतून थेट वर आलीत.

मालिकेचं नाव घेत नाही. शेवट सांगावा लागणार आहे, आणि ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांच्या शिव्या नकोत. गोष्ट थोडक्यात अशी : एक वाडा, तीन खून, एक इन्स्पेक्टर. सात भाग तो पुरावे गोळा करतो. आठव्या भागाच्या शेवटी विहिरीतून बाई वर येते आणि खुन्याला खाली घेऊन जाते. संपला सीझन.

[दृश्य : पडद्याच्या उजेडातले चेहरे. निवेदन नाही.]

[दृश्य : गच्चीवरचा दिवा लागतो.]

पहिली टाळी काकूंची. काकू ह्या प्रकारात मुरलेल्या. 'रात्रीस खेळ चाले'चे २०१६, २०१९ आणि २०२१ असे तिन्ही सीझन त्यांनी न चुकता पाहिलेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "तिला न्याय मिळाला ना? बास."

मागून एक मुलगा ओरडतो, "फसवलं राव!" त्याने सात भाग वहीत नोंदी ठेवल्या होत्या. कोण कधी कुठे होतं, कुणाच्या चपला ओल्या होत्या. वही कॅमेऱ्यापुढे धरून तो विचारतो, "भूतच आणायचं होतं तर ह्या चपला कशाला दाखवल्या?"

आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आवाज येतो, "ते सगळं राहू दे. पंच कुठायत?"

हे आबा. निवृत्त हवालदार. पंच म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार. सगळे हसले. आबा हसले नाहीत.

[दृश्य : दुसऱ्या दिवशी सकाळ. आबांचं जेवणाचं टेबल. खाकी कागद, सुतळी, लाखेची कांडी, मेणबत्ती.]

आम्ही फक्त चहाला गेलो होतो. आबांनी सामान मांडूनच ठेवलं होतं. सुरी काकूंकडून आणलेली, कालच्या भाज्या चिरलेली.

मालिकेत इन्स्पेक्टर सुरी रुमालाने उचलतो आणि खिशात टाकतो. आबांच्या मते केस तिथेच संपली. आधी दोन पंच. घरचे नकोत, आरोपीचे नातलग नकोत. मग कागदावर वेळ, जागा, चतु:सीमा : पूर्वेला काय, पश्चिमेला काय. वस्तू कुठे पडली होती, कुठल्या तोंडाने, पातं किती लांब, मूठ कशाची. आबा खरोखर पट्टी लावून मोजतात.

"रक्त ओलं असलं तर आधी वाळू द्यायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलंत की कुजतं. मग तपासणारा काय डोंबल तपासणार?"

कागदात गुंडाळी. सुतळीची आडवी-उभी गाठ. पंचांच्या सह्यांचं लेबल. त्यावर लाख. मेणबत्तीवर धरलेल्या कांडीतून पहिला थेंब टेबलावर पडतो, दुसरा बरोबर गाठीवर. आता ही सुरी काकूंची राहिली नाही. ती झाली मुद्देमाल. खरी असती तर इथून गणेशखिंडीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली असती आणि अहवाल येईपर्यंत सगळे ताटकळत बसले असते. आठ भागांच्या मालिकेत हे कुणी दाखवत नाही. आम्ही दाखवतोय, कारण आबांचे हात बघण्यासारखे आहेत.

वहीवाला मुलगा शेजारीच बसलाय.

"आबा, मयताचा पंचनामा कुठल्या कलमाखाली?"

"एकशे चौऱ्याहत्तर. झोपेतही सांगेन."

"आता एकशे चौऱ्याण्णव झालं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा."

"म्हणजे वीसनं महागलं." आबा लाख फुंकतात.

मुलगा पुढे सांगतो की नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल, तर फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं आणि त्या सगळ्याचं चित्रीकरण करायचं, अशी तरतूद आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलीय. आबा मान हलवतात. नाराजीने नाही, हेव्याने असावी.

[दृश्य : शनिवारवाडा. दिल्ली दरवाजा, त्यावरचे खिळे. शाळेची सहल.]

इथून चालत दहा-पंधरा मिनिटं. दरवाजाच्या कमानीत शाळेची पोरं ओरडतायत, "काका, मला वाचवा!" आवाज घुमतो म्हणून पुन्हा ओरडतात. बाई दटावतात. आणि मग मोबाइलवर रेकॉर्डही करतात.

पुण्याची ही भुताची गोष्ट मुळात एक गुन्हा आहे. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवे, वय अठरा. थकलेल्या पगारासाठी गारदी वाड्यात घुसले आणि पेशव्याला मारूनच थांबले. गारद्यांना दिलेल्या पत्रात 'ध'चा 'मा' कुणी केला ही झाली दंतकथा. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी ह्या खुनाची चौकशी केली आणि बोट थेट राघोबादादांकडे दाखवलं. सत्तेवर बसलेल्या माणसाकडे.

सहलीतल्या पोरांना विचारलं, खून कुणी केला? दोघांनी 'काकांनी' सांगितलं. चौकशी कुणी केली? एकमेकांकडे बघू लागली. आवाज मात्र सगळ्यांना पाठ.

हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, चौकशी ऐकायला कोण रात्री थांबणारे?" ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

[दृश्य : ओंकारेश्वराजवळचा पूल. पहाट. आबा फिरायला निघालेत.]

आबांचा रोजचा रस्ता ह्या पुलावरून जातो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी इथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला : दोघांना जन्मठेप, तिघांची निर्दोष सुटका.

[दृश्य : आबा कठड्यापाशी थांबतात. निवेदन नाही.]

[दृश्य : गच्चीचं दार. नवं कुलूप.]

पुढच्या आठवड्यात घरमालकांनी गच्ची बंद केली. वहीवाला मुलगा पूर्व परीक्षेच्या तयारीला लागला आणि इमारतीच्या ग्रुपमधून बाहेर पडला. दुसरा सीझन येणार म्हणे.

[दृश्य : आबांचं दार. काकू हातात दुधी घेऊन उभ्या.]

"अहो हवालदार, माझी सुरी?"

"वहिनी, सील आहे त्याला. कोर्टाच्या हुकमाशिवाय फोडता येत नाही."

"मग कोर्टातच करा भाजी."

आबा आत जातात. पुडकं आणतात. सोबत कागद आणि पेन. काकू दुधी काखेत धरून, चष्मा नसल्याने कागद लांब धरून, एकेक शब्द मोठ्याने वाचतात : "वरील वर्णनाची एक सुरी, लाकडी मुठीची, सीलबंद स्थितीत मिळाली." आणि सही करतात.

"तारीख," आबा म्हणतात. "आणि वेळ."