दुर्मिळ का, हे आधी विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

पन्नासच्या दशकातलं किंग्स्टन, जमैकाची राजधानी. शनिवारची रात्र झाली की मोकळ्या आवारात भिंतीसारखे लाउडस्पीकर रचले जायचे आणि लोक पहाटेपर्यंत नाचायचे. हा सगळा सरंजाम म्हणजे साउंड सिस्टीम. वाजायच्या त्या अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार संगीताच्या रेकॉर्ड. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे त्या काळातले दोन बडे मालक आणि एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. अमेरिकेहून एखादी जबरदस्त रेकॉर्ड हाती लागली, की पहिलं काम म्हणजे तिच्या मधोमध चिकटवलेला छापील कागद, म्हणजे लेबल, खरवडून काढायचं. गायक कोण, कंपनी कुठली, काही काही शिल्लक ठेवायचं नाही. विलिस जॅक्सन नावाच्या सॅक्सोफोनवादकाची एक धून डॉडने ‘कॉक्सन हॉप’ या स्वतःच्या नावाने वाजवली आणि तिच्यावर गर्दी खेचली. पुढे रीडने त्या धूनेचा माग काढला, आपल्या सिस्टीमवर ती वाजवली आणि बिंग फुटलं.

हा किस्सा आधी सांगितला, कारण जुन्या रेकॉर्डच्या बाजारात आजही अर्धा खेळ लपवाछपवीचा आणि उरलेला अर्धा माग काढण्याचा आहे. मी स्का, सोल आणि पंक या तीन संगीतांच्या रेकॉर्डविषयी बोलणार आहे. स्का हे जमैकाचं नाचाचं संगीत, सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावभरलं गाणं, आणि पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं रांगडं, वेगवान रॉक. तिन्हींचा जीव सात इंचांच्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डमध्ये. तिन्हींचे चाहते एकमेकांच्या घरी जातात, एकमेकांच्या पेट्या धुंडाळतात. आणि तिन्ही ठिकाणी विकणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘दुर्मिळ’. तो ऐकला की माझा एकच प्रश्न असतो: दुर्मिळ का झाली? उत्तर तिन्हीकडे वेगळं येतं आणि किंमत, नकलांचा धोका, रेकॉर्डची अवस्था, सगळं त्या उत्तरावर ठरतं.

स्कापासून सुरुवात करू. अमेरिकेतलं संगीत बदललं, जमैकाच्या नाचणाऱ्यांना हवा तसा माल तिकडून येईना, तेव्हा डॉड, रीड आणि त्यांच्या पाठोपाठ प्रिन्स बस्टर यांनी स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. ती विकण्यासाठी नव्हती. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर देऊन एखादीच प्रत कापायची आणि ती फक्त आपल्या सिस्टीमवर वाजवायची. लोकांनी डोक्यावर घेतलं तरच थोड्या प्रती काढायच्या, त्याही पुष्कळदा कोऱ्या लेबलच्या. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाला, १९६३ मध्ये डॉडने ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उभा केला, १९६४ मध्ये तिथल्या अव्वल वादकांचा स्कॅटलाइट्स हा ताफा जमला. गाणी ढिगाने निघाली, पण एकेका गाण्याच्या प्रती थोड्याच.

यातल्या बऱ्याच गाण्यांना दुसरा जन्म मिळाला ब्रिटनमध्ये, तिथे स्थायिक झालेल्या कॅरिबियन लोकांमुळे. ब्लू बीट हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, १९६० मध्ये सुरू झालं. आयलंड या लेबलचा संस्थापक क्रिस ब्लॅकवेल १९६२ मध्ये लंडनला आला आणि गाडीत रेकॉर्ड भरून दुकानोदुकानी फिरू लागला. १९६४ मध्ये मिली स्मॉलचं ‘माय बॉय लॉलिपॉप’ ब्रिटिश खपाच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणूनच ती रेकॉर्ड आज सहज मिळते आणि स्वस्तही मिळते. जुनी म्हणजे मौल्यवान, हा नवख्यांचा हमखास गैरसमज असतो.

जमैकन रेकॉर्ड घेताना लेबलवर फार विसंबू नये. चुकीचा गायक, चुकीचं शीर्षक, एका बाजूचं लेबल दुसऱ्या बाजूला, कधी दोन्ही बाजू भलत्याच गाण्याच्या, असे प्रकार इतके आहेत की कान हाच शेवटचा पुरावा. शिवाय या रेकॉर्ड नाचात वाजून वाजून झिजलेल्या. भोक मधोमध नसल्याने सूर डोलतो, खरखर तर गृहीतच धरावी. चकचकीत, न वाजलेली स्काची मूळ प्रत समोर आली तर मला आनंदाआधी संशय येतो.

आता सोल. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण या बाजाराइतका उफराटा बाजार मला दुसरा माहीत नाही.

बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची मुहूर्तमेढ रोवली. त्याचं यश पाहून त्या शहरात आणि शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसमध्ये असंख्य छोट्या कंपन्या तोच ठेका, तोच बाज घेऊन उतरल्या. बहुतेकांची गाणी आपटली. रेडिओने वाजवली नाहीत, दुकानदारांनी परत पाठवली, गठ्ठे गोदामांत धूळ खात पडले. इकडे उत्तर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांतली तरुण मुलं मात्र त्याच वेगवान, साठच्या दशकातल्या ठेक्यावर अडून बसली होती. लंडनमध्ये फंक या नव्या, वेगळ्या ठेक्याच्या संगीताचा जमाना आला तरी ही मुलं फुटबॉलच्या सामन्याला राजधानीत आली की सोल सिटी या दुकानात शिरून जुनाच माल मागायची. दुकानाचा मालक डेव्ह गोडिन स्वतः संगीतावर लिहायचा. त्याने या आवडीला नाव दिलं, ‘नॉर्दर्न सोल’.

या संगीतावर नाचायचे क्लब म्हणजे मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील, स्टोक-ऑन-ट्रेंटचा गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचा मेक्का आणि सगळ्यांत गाजलेला विगन कॅसिनो. विगनची पहिली रात्र २३ सप्टेंबर १९७३ ची, शेवटची ६ डिसेंबर १९८१ ची. नाच सुरू व्हायचा पहाटे दोनला आणि संपायचा सकाळी आठला. दारू मिळत नसे. पाय सहज घसरावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकायची. तिथे डीजेची प्रतिष्ठा ठरायची ती दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या रेकॉर्डवर. त्यामुळे अमेरिकेच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि गोदामं उपसली गेली. अमेरिकेत ज्या गाण्याला कुत्रंही विचारत नव्हतं, त्यासाठी इंग्लंडमधले कामगार आठवड्याचा पगार मोजू लागले. आणि मग किंग्स्टनची युक्ती इथेही अवतरली. लेबलवर कोरा कागद चिकटवायचा, गायकाचं खोटं नाव आणि गाण्याचं खोटं शीर्षक सांगायचं. या प्रकाराला म्हणतात ‘कव्हर-अप’. किंग्स्टन आणि इंग्लंडवाल्यांनी एकमेकांचं पाहून केलं असं मला वाटत नाही. गर्दी एकाच गाण्यामागे धावू लागली की ही बुद्धी आपोआप सुचते.

फ्रँक विल्सनची गोष्ट या सगळ्याचा कळस. मोटाउनच्या सोल या उपलेबलसाठी त्याने १९६५ मध्ये ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ गायलं. जाहिरातीसाठी थोड्या प्रती निघाल्या, पण रेकॉर्ड बाजारात आलीच नाही आणि प्रती नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. विगनच्या काळात हेच गाणं ‘एडी फॉस्टर’ या बनावट नावाने वाजलं. २००९ मध्ये त्याची एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. विल्सन तोवर मोटाउनमध्ये निर्माता म्हणून नाव कमावून, ती नोकरी सोडून धर्मोपदेशक झाला होता.

म्हणजे सोलची दुर्मिळता अपयशातून आलेली. त्याचे काही चमत्कारिक परिणाम आहेत. कित्येक गाण्यांच्या रेडिओसाठी काढलेल्या डेमो प्रती सहज मिळतात आणि दुकानात विकायची प्रतच मिळत नाही, कारण डेमोवरच गाणं मेलं, पुढे छापलंच कुणी नाही. दुसरं म्हणजे, किंमत चढली की नकला येतात. सत्तरच्या दशकातच त्यांचा सुळसुळाट झाला. त्या ओळखायची एक चांगली जागा म्हणजे शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी. मूळ प्रतीवर तिथे पुष्कळदा यंत्राने उमटवलेला आकडा आणि छापखान्याची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कारखान्याची खूण सापडते. नकलेवर हाताने घाईत खरडलेलं काहीतरी असतं. मूळ प्रतीवरचे आकडेही कधीकधी हातानेच कोरलेले असतात, तेव्हा अक्षराचं वळण पाहावं लागतं.

आणखी एक खूण कच्च्या मालाची. अमेरिकेतल्या अनेक छापखान्यांनी पंचेचाळीस फेऱ्यांच्या रेकॉर्ड व्हिनाइल या नेहमीच्या लवचीक प्लास्टिकऐवजी स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या काढल्या. स्टायरीन कडक, वजनाला हलकं, लवत नाही, वाकवायला जाल तर तडकेल. लेबल अनेकदा वरून चिकटवलेलं दिसतं. एखादं गाणं फक्त स्टायरीनवर निघालं होतं हे पक्कं ठाऊक असेल आणि समोरची प्रत व्हिनाइलची असेल, तर व्यवहार तिथेच संपला. स्टायरीनचा मोठा दुर्गुण असा की डीजेने सुरुवात जुळवण्यासाठी रेकॉर्ड मागेपुढे फिरवली की खाच लवकर भाजून निघते. वरून रेकॉर्ड आरशासारखी दिसते आणि पहिली पाच सेकंदं नुसती फसफसतात. स्टायरीन कधीही ऐकल्याशिवाय घेऊ नये.

पंकचं गणित सोपं आहे, कारण तिथे प्रती थोड्या निघाल्या त्या पैसे नव्हते म्हणून. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने उसने पाचशे पौंड घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर काढली. पहिल्या फेरीत प्रती एक हजार. त्या भराभर संपल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या. १९७९ मध्ये ती नव्याने आली तेव्हा पाकिटावर बँडचा पहिला गायक हॉवर्ड डेव्होटो याचं नाव वेगळं छापलं होतं, तेव्हा ते नाव दिसलं की ती पहिली प्रत नव्हे. वॉशिंग्टनच्या डिसकॉर्ड लेबलने १९८० मध्ये सुरुवात केली तीही अशीच. पाकिटं पोरांनी स्वतः कापली, दुमडली, चिकटवली.

पैशाच्या तंगीतून न आलेला पंकमधला एक ठळक अपवाद सगळ्यांना ठाऊक असतो. ए अँड एम कंपनीने १० मार्च १९७७ रोजी सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडशी करार केला आणि १६ मार्चला मोडला. त्यांच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्याच्या छापून झालेल्या पंचवीस हजार प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. ज्या निसटल्या त्यांची किंमत आज हजारो पौंडांत आहे, आणि नकलाही त्याच प्रमाणात आहेत. माझं मत विचाराल तर नवख्याने या रेकॉर्डच्या वाटेलाच जाऊ नये.

पंक आणि स्का यांचं लग्न लागलं कॉव्हेंट्रीत, १९७९ मध्ये, जेरी डॅमर्स या संगीतकाराच्या टू टोन लेबलवर. पहिल्या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या प्रतींची पाकिटं हाताने रबरी शिक्के मारून तयार केली होती. पुढे याच लेबलच्या रेकॉर्ड लाखांनी खपल्या, तेव्हा त्या अजूनही परवडतात. संग्रहाची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी हेच लेबल सांगतो.

आता देवघेवीविषयी. दर्जा सांगायच्या पद्धती दोन: अमेरिकन गोल्डमाइन या मासिकाची आणि ब्रिटिश रेकॉर्ड कलेक्टर मासिकाची. अमेरिकन पद्धतीत ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवी, याच्या खालोखाल ‘व्हेरी गुड प्लस’ येतं, आणि तिथेच किंमत साधारण निम्मी होते. ब्रिटिश पद्धतीत त्या जागी ‘एक्सलंट’ असतं. दोन्हीकडे ‘गुड’ म्हणजे वाईट, हे लक्षात ठेवावं. विकणारा कुठली पद्धत वापरतो, नुसती पाहून दर्जा लावला की वाजवून, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे. पंकमध्ये पाकिटाची अवस्था जवळजवळ रेकॉर्डइतकीच मोजली जाते. साठच्या दशकातल्या सोल आणि स्काच्या सात इंचांना बहुधा साधंच पाकीट, तिथे सगळा भाव खाचेचा.

पैशापेक्षा अदलाबदल मला जास्त आवडते. आपल्याला हव्या असलेल्या रेकॉर्डची यादी समोरच्याला द्यायची, त्याची घ्यायची. पंकवाल्याला वारशात मिळालेली सोलची पेटी नको असते, सोलवाल्याच्या कपाटात तरुणपणी घेतलेलं पंक पडलेलं असतं. दोघांनाही वाटतं आपण जिंकलो, आणि दोघांचंही बरोबर असतं. फक्त दोघांनी भाव एकाच ठिकाणचे धरावेत: प्रत्यक्ष विक्री झालेले, विकणाऱ्याने नुसते मागितलेले नव्हेत.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. जुन्या रेकॉर्डच्या फेरविक्रीत गायकाला छदामही मिळत नाही. नकलेत तर अजिबातच नाही. म्हणून रीतसर परवाने घेऊन काढलेली पुनर्मुद्रणं मी कमी लेखत नाही. एस या ब्रिटिश कंपनीची केंट ही शाखा १९८२ पासून सोलसाठी हे काम नेटाने करते आहे. ‘मूळ प्रतच वाजवणार’ असा बाणा मिरवणाऱ्या डीजेंबद्दल मला आदर आहे, पण घरात ऐकणाऱ्याने तो मिरवायचं काही कारण नाही. रोज ऐकायला पुनर्मुद्रण घ्या आणि मूळ प्रतीवर पैसे तेव्हाच घाला, जेव्हा ती का दुर्मिळ आहे हे तुम्हाला विकणाऱ्याइतकं कळलेलं असेल.

आणि रेकॉर्ड टपालाने पाठवताना ती छापील पाकिटातून बाहेर काढा, साध्या आतल्या पाकिटात घालून छापील पाकिटाच्या मागे ठेवा, दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठे लावा. आतच राहिली तर प्रवासात तिची कड पाकिटाची शिवण फाडते, आणि मग पाठवताना ‘एक्सलंट’ असलेला माल पोचेपर्यंत ‘गुड’ होतो.

नमस्कार.